ओली जमीन आणि पायांतला जोडा



आजचा विषय अगदीं पायांखालचा आहे. मोटारींच्या गॅरेजांत, अगर इमारतीखालीं मोटारी ठेवण्याच्या जागेंत, ओल्या जमिनीवर काम करणाऱ्या माणसानें पायांत काय घालावें, एवढाच हा प्रश्न. तो क्षुल्लक वाटेल. मलाहि वाटत असे. परंतु आमच्या इमारतींत मोटारी धुणारा माणूस एका पावसाळ्यांत भरल्या बादलीसह घसरला, त्याचें मनगट मोडलें आणि दोन महिने त्याची मिळकत बंद झाली. त्याच्या पायांत झिजून गुळगुळीत झालेल्या रबरी सपाता होत्या. त्या आम्ही सर्वजण रोज पाहत होतों. पण पाहणें निराळें आणि ध्यानांत येणें निराळें!

पाऊल घसरतें तें कां, हें प्रथम पाहूं. चालतांना टाच जमिनीवर टेकते, त्या क्षणीं शरीराचा भार तिला खालीं दाबतो आणि शरीराची गति तिला पुढें रेटते. सपाट जमिनीवरील साध्या चालींत हा आडवा रेटा भाराच्या सुमारें पांचव्या हिश्श्याइतका असतो. घर्षणानें तेवढा विरोध केला तर पाऊल ठरतें. न केला तर निसटतें. कोरड्या जमिनीवर ही चिंता सहसा नसते. पाणी पडलें म्हणजे मात्र जोडा आणि जमीन यांच्यामध्यें एक पातळ थर येतो. टाच टेकतांच तो पिळून बाहेर गेला पाहिजे, आणि त्यासाठीं अवधि असतो क्षणाच्या एका अंशाचा. थर गेला नाहीं, तर जोडा जमिनीला शिवतच नाहीं. तो पाण्यावर तरंगतो.

तेल पाण्याहून दाट, म्हणून तें अधिक सावकाश बाहेर पडतें. ब्रिटनच्या सरकारी कामगार-सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनाप्रमाणें, स्वच्छ पाणी सांडणाऱ्या जागीं जमिनीचा खरखरीतपणा निदान २० मायक्रॉन असावा, आणि इंजिनाचें तेल सांडणाऱ्या जागीं निदान ६० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा कोबा किंवा चकचकीत लादी दिसण्यांत कितीहि सुरेख असली, तरी मोटार धुण्याच्या जागीं ती शत्रूच होय.

आतां जोडा कसा निवडावा? तो उलटा करून प्रथम त्याचा तळ पाहावा. खाचा जितक्या खोल आणि अवजड तितकी पकड अधिक, ही समजूत ओल्या गुळगुळीत जमिनीपुरती खरी नाहीं. डोंगर चढण्याच्या बुटांचे मोठे दांडगे उंचवटे मातींत रुततात; लादीवर त्यांचा स्पर्शच थोडा होतो. येथें दाट, बारीक नक्षी हवी, आणि तिच्या खाचा तळाच्या कडेपर्यंत मोकळ्या हव्यात, म्हणजे पाण्याला बाहेर जाण्यास वाट मिळते. टाच रुंद व बुटकी असावी.

दुसरी गोष्ट तळाच्या द्रव्याची. नखानें दाबून पाहावें. किंचित् दबणारें रबर दगडासारख्या कठीण प्लॅस्टिकपेक्षां चांगलें धरतें. साधें नैसर्गिक रबर पाण्यावर उत्तम, पण खनिज तेलानें तें फुगतें. म्हणून तेलाच्या जागीं नायट्राइल रबर पसंत करावें. पॉलियुरेथेनचे तळ हलके व तेलाला दाद न देणारे असतात; परंतु मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत दीर्घकाळ पडून राहिल्यास ते ठिसूळ होऊन त्यांचे तुकडे पडतात. चामड्याचा तळ ओल्या जमिनीवर नकोच.

सुरक्षेच्या बुटांवर कांहीं अक्षरें छापलेलीं असतात. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०११ च्या आवृत्तींत ‘एस.आर.ए.’ म्हणजे साबणाच्या पाण्यानें ओल्या लादीवरील कसोटी, ‘एस.आर.बी.’ म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या पोलादावरील कसोटी, आणि ‘एस.आर.सी.’ म्हणजे दोन्ही. २०२२ च्या आवृत्तींत हीं अक्षरें गेलीं. साबणाच्या पाण्याची कसोटी मुळांतच आली, आणि ग्लिसरीन लावलेल्या लादीवरहि उतरणाऱ्या बुटास ‘एस.आर.’ ही खूण मिळाली. अक्षरें पाहून जोडा घ्यावा. पण त्यांवर सर्वस्वीं विसंबूं नये. कारण जुन्या पोलादी कसोटींत सपाट पावलास ०.१८ इतकें घर्षण पुरेसें मानलें जाई, आणि चालण्यास तर सुमारें ०.२० लागतें, हें आपण वर पाहिलेंच. म्हणजे खूण असलेला जोडाहि तेलावर घसरूं शकतो. मोटार ढकलतांना तर रेटा याहून अधिक असतो.

म्हणून जोडा हा अर्धाच उपाय. उरलेला अर्धा जमिनीचा. सांडलेल्या तेलावर ताबडतोब लांकडाचा भुसा टाकून तो झाडून काढावा, मग साबण लावावा, आणि साबण पूर्ण वाहून जाईपर्यंत पाणी घालावें. अर्धवट धुतलेली जागा न धुतलेल्या जागेहून वाईट असते.

विकत घेतांना जोडा सायंकाळीं, पाय थोडे फुगलेले असतांना, मोजे घालून पाहावा. सैल जोड्यांत पाय आंतल्या आंत सरकतो. दुकानाच्या कोरड्या जमिनीवर सारेच जोडे चांगले वाटतात, हेंहि विसरूं नये. पुढें खाचांतील चिखल व तेल दररोज घांसून काढावें. भरलेली खाच ही नसल्यासारखीच. जोडा सावलींत वाळवावा, आणि टाचेवरील नक्षी पुसट झाली कीं वरचा भाग धड असला तरी तो टाकून द्यावा.

शेवटीं एक विनंति. हीं कामें बहुधा आपण स्वतः करीत नाहीं; आपल्यासाठीं दुसरा कोणी तरी करतो, आणि चांगला जोडा त्याच्या खिशाला परवडत नाहीं. आमच्या इमारतींत पुढें वर्गणी काढून जोडा घेतला गेला, परंतु तो मनगट मोडल्यावर. प्रत्येक बिऱ्हाडाला आलेली वर्गणी मोटारीच्या एका वेळच्या पेट्रोलहूनहि कमी होती. आपण हा हिशेब अगोदर करावा. उद्यां सकाळीं खालीं उतरलांत, तर मोटार स्वच्छ धुतली आहे कीं नाहीं हें पाहण्यापूर्वीं धुणाऱ्याच्या पायांकडे एकदां पाहा.