नळातून वाहणारा कोळसा

दगडी कोळशाची पूड पाण्यात ढवळा. थोड्याच वेळात ती तळाशी बसेल. तरीही अमेरिकेतील ब्लॅक मेसा खाणीचा कोळसा १९७० ते २००५ पर्यंत पाण्यात कालवून सुमारे ४४० किलोमीटर नळातून नेत. जवळजवळ निम्मे पाणीच! तेही वाळवंटी मुलखातले. होपी आणि नव्हाजो लोकांना हा उपसा सलत होता, आणि योग्यच होते. शिवाय वीजकेंद्रात ते पाणी पुन्हा काढावे लागे.

मिश्रण तेलासारखे सरळ भट्टीत फवारायचे, तर पाणी ३० टक्क्यांवर आणायला हवे. मग तो चिखलच होणार, नाही का? पण गोट्यांनी भरलेल्या डब्यातही वाळू मावते. तसे जाड कणांच्या फटींत बारीक कण बसवले, की तेथले पाणी मोकळे होते. त्यात शेकडा एक भाग साबणासारखे द्रव्य घालतात. त्याने कणांवर ऋण विद्युत्भार येतो, कण एकमेकांना लोटतात आणि चिखल पातळ होतो.

आता नवीच पंचाईत! सुटे झालेले कण सावकाश तळाशी बसून घट्ट थर करतात. म्हणून चिमूटभर झॅन्थन डिंक. मिश्रण स्थिर असता त्याचे जाळे कणांना धरून ठेवते. पंप सुरू होताच जाळे मोडते. बाटलीतला घट्ट सॉस हलवल्यावर भदकन पडतो ना, तोच हा प्रकार.