एक फोन, अख्खा वर्ग
लेखमाला 'पहिलं वर्ष वर्गातलं' : लेखांक ७

पवित्र पोर्टलवरून निवड झाली, जिल्हा परिषदेची शाळा मिळाली, शिक्षण सेवक म्हणून रुजू झालात, की पहिल्या पंधरवड्यातच दोन गोष्टी घडतात. केंद्राच्या, तालुक्याच्या आणि विषयवार व्हॉट्सअॅप गटांत तुमचा नंबर जातो आणि लिंकांचा पाऊस सुरू होतो. शिवाय 'तुम्ही तरुण, तुम्हाला येतं हे सगळं' असं म्हणत शाळेतलं ऑनलाइन काम अलगद तुमच्याकडे सरकतं : यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, आधारची जुळणी. हे काम टळत नाही. पण त्याचा शिकवण्याशी काडीचा संबंध नाही, तेव्हा ते इथेच बाजूला ठेवू.

मागच्या आठवड्यात आपण दोन इयत्ता एका खोलीत सांभाळण्याचं वेळापत्रक पाहिलं. आजचा प्रश्न त्याच खोलीतला आहे. शिक्षक एक, फोन एक, नेट बेभरवशाचं, लोकवर्गणीतून आलेला प्रोजेक्टर वीज असेल तर चालणारा, आणि समोर तीसेक मुलं. एवढ्या सामग्रीवर ऑनलाइन साधनांतलं काय खरोखर कामाला येतं?

साधन निवडताना मी एकच गोष्ट विचारतो : हे सुरू असताना मूल काय करत असतं? शिक्षक काय करतो ते विचारत नाही, कारण शिक्षक हमखास खूप काही करत असतो. वायर जोडतो, आवाज वाढवतो, खिडकीला पडदा लावतो. मूल मात्र बहुतेक वेळा नुसतं बघत बसलेलं असतं.

हा घोटाळा स्मार्टफोनच्या फार आधीचा आहे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या मदतीने आपल्या देशात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्हीवरून शैक्षणिक कार्यक्रम पोचवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. तिचे कार्यक्रम पाहून वाढलेली पिढी आज तुमच्या वर्गातल्या मुलांचे आईबाप आहे. २०१७ मध्ये ती बंद पडली आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ आलं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की आपण तिथेच पोचतो. यंत्रं बदलत गेली, चित्र स्वच्छ झालं, पण मुलाची बैठक तीच राहिली : मांडी घालून, मान वर, गप्प. व्हिडिओ वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. ज्वालामुखी, समुद्राचा तळ, हृदयाचे ठोके हे शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवलेलंच बरं. पण तीन मिनिटांनी थांबवून 'आता पुढे काय होईल?' हे विचारायला तुम्ही तिथे उभे नसाल, तर तो वेळ गेला असं धरा.

क्यूआर कोडचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं नाव येतंच. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटली. बातम्यांत क्यूआर कोड गाजला. मला त्या कहाणीतला त्याच्या आधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पाठ्यपुस्तक त्या भाषेत नव्हतं. डिसले आधी कन्नड शिकले. मुलांना कळेल अशा भाषेतलं साहित्य, कविता, व्हिडिओ पुस्तकाला जोडायचे कसे, या अडचणीवर क्यूआर कोड हा तोडगा होता. आपल्याकडे त्यानंतर कित्येक शाळांच्या भिंती, झाडं, कपाटं, हात धुण्याची जागा, सगळीकडे कोड चिकटले. त्यातले किती कोड मुलांनी आपणहून उघडले, हे कोणी विचारू नये.

तेव्हा आधी अडचण कागदावर लिहा. 'गणितात कच्ची आहेत' ही अडचण नव्हे, ती तक्रार झाली. '०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती असं विचारलं तर अर्धा वर्ग ०.३५ म्हणतो, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे', ही अडचण. ती इतकी नेमकी हाती आली की साधन शोधणं सोपं जातं. आणि अशा अडचणीसाठी मी नव्या शिक्षकाला सर्वांत आधी सुचवतो ते 'प्लिकर्स'.

कारण साधं आहे. यात मुलांच्या हातात यंत्र लागत नाही, कागद लागतो. त्यांच्या संकेतस्थळावर कार्डांची पीडीएफ फुकट मिळते. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनांची वेगळी आकृती आणि एक क्रमांक असतो. आकृतीच्या चार बाजूंना अगदी बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी छापलेलं असतं. तुम्ही फळ्यावर प्रश्न आणि चार पर्याय लिहिता. मूल आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून उंच धरतं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवता आणि कोणाचं उत्तर काय आलं ते पडद्यावर उमटत जातं. शेजाऱ्याचं कार्ड पाहून काही कळत नाही, कारण अक्षर बारीक आणि प्रत्येकाची आकृती निराळी. कॉपीच होत नाही, आणि ज्याचं उत्तर चुकलं त्याच्याकडे चाळीस डोळे वळत नाहीत. हात वर करून उत्तर देण्याच्या पद्धतीत कधीच न बोलणारी मागच्या रांगेतली मुलगीही इथे प्रत्येक प्रश्नाला उत्तर देते. माझ्या लेखी या साधनाची खरी कमाई तीच.

काही व्यवहाराच्या गोष्टी. कार्डं जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. बोटं आकृतीवर येणार नाहीत असं धरायला पहिल्या दिवशी शिकवावं लागतं, त्यात अर्धा तास जातो, जाऊ द्या. कार्ड क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवा. फुकट खात्यात प्रश्नांवर मर्यादा आहेत, पण एका तासाला चार-पाच प्रश्नांपेक्षा जास्त लागतही नाहीत. तुमच्या फोनला नेट मात्र हवं.

आता प्रश्नाकडे या, कारण साधन फुकट मिळालं तरी प्रश्न तुम्हालाच घडवावा लागतो. 'महाराष्ट्राची राजधानी कोणती?' याचे तीन चुकीचे पर्याय काहीही दिले तरी चालतात, आणि म्हणूनच तो प्रश्न कुचकामी आहे. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाच्या डोक्यातली एखादी खरी चूक हवी. ०.८, ०.३५, ०.१२५ आणि ०.०९ या चार संख्यांत सर्वांत मोठी कोणती? ०.१२५ निवडणारं मूल अंक मोजतंय. ०.०९ निवडणाऱ्याला एकटा ९ मोठा दिसतोय, जागेची किंमत नाही. दोघांची चूक वेगळी, इलाजही वेगळा. एकाला दशांशाची लांबी समान करून दाखवायची (०.८००, ०.१२५), दुसऱ्याला स्थानिक किमतीच्या तक्त्यावर परत न्यायचं. पाच मिनिटांत तीस मुलांचं हे निदान वह्या तपासून होत नाही. वह्यांत उत्तर असतं, आणि ते बहुतेक वेळा शेजाऱ्याचं असतं.

याच कार्डांचा दुसरा उपयोग उजळणीचा. आपली उजळणी म्हणजे धडा पुन्हा वाचणं. अमेरिकेत सेंट लुई इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिके यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं झालेलं : पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. ती मुलं कॉलेजची होती, आपली चौथी-पाचवीची आहेत, हे ध्यानात ठेवूनही सोमवारी सकाळी मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न कार्डांवर विचारायला हरकत नाही. गुण मात्र देऊ नका. गुण आले की मुलं आठवायचं सोडून घाबरायला लागतात.

'कहूट'सारख्या खेळांत प्रत्येक मुलाला किंवा गटाला यंत्र लागतं आणि भराभर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. संगणक कक्ष असलेल्या माध्यमिक शाळेत महिन्यातून एखाद्या वेळी ठीक. सावकाश विचार करणाऱ्या मुलावर त्यात अन्याय होतो.

विज्ञानासाठी 'फेट' पाहा. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक, कार्ल वीमन, यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. पडद्यावर हाताळता येणारे हे प्रयोग फुकट आहेत आणि त्यातले अनेक स्वयंसेवकांनी मराठीत आणलेत. शाळेत नेट नसलं तरी अडत नाही. घरी फाइल उतरवून घेतली की लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ती नेटशिवाय चालते. विद्युत परिपथाचा प्रयोग घ्या. एका सेलला दोन सारखे दिवे एकापुढे एक जोडायचे आहेत. बटण दाबण्याआधी विचारा, दोन्हींत जास्त उजेड कुठला देईल? बरीच मुलं म्हणतील पहिला, कारण त्याने अर्धी वीज खाल्ली, दुसऱ्याला उरलंसुरलं. हा अंदाज वहीत लिहून घ्या, मग बटण दाबा. दोघांचा उजेड सारखा, आणि तारेतून सरकणारे निळे ठिपके सगळीकडे एकाच गतीने जाताना दिसतात. इथून पुढची चर्चा म्हणजे तुमचा तास. अंदाज न लिहवता नुसतं दाखवलंत, तर मुलं 'हो, माहीत होतं' म्हणून मोकळी होतात.

पण बाजारात सेल आणि टॉर्चचा दिवा मिळत असताना आधी पडदा उघडू नका. तार सोलताना बोटाला टोचली पाहिजे, दिवा लागला नाही की जोडणी पुन्हा तपासली पाहिजे. पडदा हवा तो डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीसाठी : तारेतला प्रवाह, वायूतले रेणू. हाताने करायच्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ हा खजिना आहे. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ यांतून विज्ञान शिकवणाऱ्या चित्रफिती आणि पुस्तकं तिथे मराठीतही आहेत. त्यातलं एक खेळणं करायला जेवढा कचरा लागतो तेवढा शाळेमागे पडलेला असतो.

वाचनासाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' पुरेसं आहे. मराठी गोष्टी, वाचनाच्या चार पातळ्या, आणि परवाना इतका खुला की छापा, बदला, मुलांच्या बोलीत भाषांतर करा, कोणी अडवणार नाही. चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून स्वाध्याय करून घेण्याचा मोह आता प्रत्येकाला होतो. करून घ्या, पण ओळ न् ओळ वाचून. त्याची मराठी गुळगुळीत असते, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि माहिती बेधडक चुकीची असू शकते. आणखी एक सूचना, विशेषतः शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका ज्यांना वारशाने मिळतात त्यांच्यासाठी : त्या युनिकोडमध्ये नसतील तर गुगल फॉर्ममध्ये टाकताच अक्षरांची रांगोळी होईल. नव्याने टंकलेखन करा, दुसरा उपाय शोधण्यात रविवार घालवू नका.

घरच्या अभ्यासासाठी लिंक पाठवण्याआधी फोन कोणाच्या खिशात असतो ते पाहा. 'असर २०२४' च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामाला वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. ही मोठी मुलं. तिसरीतल्या पोराच्या घरातला एकुलता फोन बापाबरोबर कामावर गेलेला असतो आणि रात्री येतो. तिथे दहा मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा तुमच्याच आवाजातला एक मिनिटाचा ध्वनिसंदेश चालतो : उद्या घरून एक गोल आणि एक चौकोनी वस्तू आणा.

मुलांच्या फोटोंबाबत मात्र मी कडक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, चुकलेल्या उत्तरावर रडवेलं झालेलं मूल तुमच्या रीलमध्ये असण्याचं काही कारण नाही. कुठल्याही साधनात मुलांची पूर्ण नावं, जन्मतारखा, पालकांचे नंबर भरू नका. हजेरी क्रमांक पुरतो.

पहिल्या सत्रात एवढंच करा : एक साधन, एक विषय, आठवड्यातून दोनदा. दिवाळीपर्यंत ते जमलं नाही तर सोडून द्या, कोणाला उत्तर द्यायचं नाही. पुढच्या लेखात आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींविषयी लिहिणार आहे. त्यासाठी तुमच्या वर्गात मुलं हमखास चुकतात असा एक प्रश्न, त्यांच्या खऱ्या चुकीच्या उत्तरांसह, लेखमालेच्या पत्त्यावर कळवा. शाळेचं आणि मुलांचं नाव लिहू नका. इयत्ता आणि विषय पुरे.