चढाईतला पाय : सराव कसा असावा?

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले, याचा आपल्या वऱ्हाडाला अभिमान आहे. पण इथल्याच एखाद्या होतकरू पोराला, चढाईत पायाने गडी कसा टिपावा, असे विचारा. तो जागच्या जागी हवेत चार लाथा मारून दाखवील. बहुतेक मैदानांवर सरावच तसा चालतो ना! रांगेत उभे राहायचे आणि शिट्टी वाजली की पाय फेकायचा. पाय मोठा ऐटदार जातो. सामन्यात मात्र त्याच पायाचा घोटा कोपऱ्यावरच्या गड्याच्या हाती सापडतो.

कारण उघड आहे. हवा कधी पकड करीत नाही. चढाई करणाऱ्याला दम टिकवायचा असतो, ३० सेकंदांची मुदत सांभाळायची असते आणि पाय फेकून झाल्यावर मध्यरेषाही गाठायची असते. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्याही पुढे १ मीटर. इतक्या खोलवर गेलेल्याने पाय फेकताना सारा भार पुढे झोकून दिला, तर परतीचे पहिले पाऊल उचलण्यापूर्वीच त्याच्यावर साखळी पडते.

पहिले काही दिवस नुसती लाथ घोटून घ्यावी, त्याला ना नाही. पुढे मात्र लहान डाव लावावेत. निम्म्या रुंदीचे मैदान, समोर दोनच गडी, मुदत १५ सेकंद. गुणांची रीतही बदलावी : हाताने टिपल्यास १, पायाने टिपून परतल्यास २ आणि पकडला गेल्यास समोरच्यांना २. एवढ्याने मुलाची नजर आपोआप गड्याच्या पायांकडे वळते. गड्याचा भार टाचेवर गेला, की चवडा पुढे सरकवायचा, हे मग ओरडून सांगावे लागत नाही. अंगाने किरकोळ मुलगाही या डावांत धिटावतो. हे तर मला सर्वांत मोलाचे वाटते. एरवी असली मुले कुंपणापाशी उभी राहून नुसत्या टाळ्या वाजवतात. मुले सरावली की तिसरा गडी वाढवावा.

बोनसचा सराव तेवढा भरल्या संघासमोर घ्यावा. समोर किमान ६ गडी असल्याखेरीज तो गुण नाही, आणि रेषा ओलांडताना मागचा पाय अधांतरी असावा लागतो.

आपल्याकडची मुले काळ्या मातीत खेळलेली. मॅटवर बूट अडतो आणि गुडघ्याला पीळ बसतो. तेव्हा मॅटवरचे पहिले डाव संथ गतीने खेळवावेत, आणि त्यांत पकड नसावी, नुसता स्पर्श असावा.