शाळेंतील संमेलनें : करमणूक कीं शिक्षण?

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले, म्हणजे माध्यमिक शाळांतून निराळीच लगबग सुरू होते. तासांची घंटा नेहमींप्रमाणेंच वाजते. परंतु एका वर्गांत पोवाड्याची तालीम चाललेली असते, दुसऱ्यांत नाटुकल्यांतील फौजदाराच्या मिशा कांहीं केल्या चिकटत नसतात, आणि शिक्षकांच्या खोलीबाहेर हस्तलिखिताचें संपादक-मंडळ शेवटच्या पानावरील चित्रासाठीं खोळंबून उभें असतें. हें दृश्य पाहून कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. परीक्षा दोन महिन्यांवर आली असतां मुलांनीं गाण्या-नाचांत दिवस दवडावे काय, असें ते विचारतात.

प्रश्न गैरवाजवी नाहीं. मात्र त्याचें उत्तर शोधावयाचें, तर मुंबई-पुण्याच्या शाळांपेक्षां मराठवाड्यांतील बीड जिल्ह्याकडे दृष्टि वळविणें अधिक उपयोगाचें होईल. शाळेंतील असे उपक्रम ही चैन कीं गरज, याची कसोटी त्या जिल्ह्यांत दोन वेळां लागली आहे. एकदां निजामाच्या राजवटींत, आणि दुसऱ्यांदां अगदीं आज.

प्रथम, या उपक्रमांतून मूल शिकतें तरी काय, हें पाहिलें पाहिजे. हस्तलिखिताचेंच उदाहरण घ्यावें. लेख मागवावयाचे, दहांतून चार निवडावयाचे, ज्याची कविता परत केली त्या मित्राची समजूत घालावयाची, आणि मग सुवाच्य अक्षरांत सारें उतरून काढावयाचें. व्याकरणाच्या तासास ऱ्हस्वदीर्घाची चूक एका गुणाची असते. हस्तलिखितांत ती साऱ्या शाळेपुढें येते, म्हणून विद्यार्थी ती आपण होऊन सुधारतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते. तेथील छात्रालयांतील मुलांसाठीं ते हस्तलिखित दैनिक काढीत, तें कांहीं करमणुकीसाठीं नव्हे. मुलांच्या मनाशीं रोज बोलण्याचें तें साधन होतें.

आनंदबाजाराचेंहि तसेंच आहे. भेळेचें दुकान मांडणाऱ्या मुलास भांडवल, नफा आणि उरलेला माल या तिन्ही गोष्टी एका दुपारींत समजतात. अंकगणिताच्या पुस्तकांत त्यांस तीन प्रकरणें लागतात. वादविवादांत भाग घेणारी मुलगी स्वतःची बाजू मांडावयास शिकते, आणि त्याहून कठीण गोष्ट म्हणजे, विरुद्ध बाजू शेवटपर्यंत ऐकून घ्यावयास शिकते. नाटकांत तर पडद्यामागें उभें राहून विसरलेलें वाक्य सुचविणारा मुलगाहि, टाळ्या आपल्यासाठीं नाहींत हें जाणून, काम चोख करण्याचा धडा घेतो. स्वतंत्र भारतांत १९५२-५३ सालीं नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगानें हे उपक्रम शालेय शिक्षणाचें अविभाज्य अंग मानिले. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि अभ्यास व अभ्यासेतर असा कडक भेद असूं नये असें म्हटलें.

परंतु आयोगांच्या पूर्वींच बीड जिल्ह्यानें ही गोष्ट अनुभवानें ओळखिली होती. हा जिल्हा त्या काळीं हैदराबाद संस्थानांत मोडत असे. लोकांची भाषा मराठी. पण राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि सरकारी माध्यमिक शाळांतील शिक्षणहि उर्दूंतून. १९१८ सालीं सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दूच होतें. सभा भरविण्यावर निर्बंध होते. ‘गश्ती निशाण ५३’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या हुकुमानें परवानगीवांचून जाहीर सभा घेण्यास बंदी केली होती. अशा स्थितींत लोकांनीं काढलेली खाजगी मराठी शाळा ही केवळ शाळा राहत नसे. आपल्या भाषेंत मोठ्यानें बोलण्याची ती एक जागा होऊन बसे.

अशीच एक शाळा अंबाजोगाईस होती. मराठी वाङ्मयाच्या वाचकांस हें गांव मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींमुळें परिचित आहे. निजामी दप्तरांत त्याचें नांव मोमिनाबाद होतें. १९३५ सालीं स्वामी रामानंद तीर्थ येथील योगेश्वरी विद्यालयांत आले आणि त्यांनीं मुख्याध्यापकाचें काम पत्करिलें. संन्यासापूर्वीं त्यांचें नांव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. तरुणपणीं त्यांनीं कामगार पुढारी ना. म. जोशी यांजबरोबर काम केलें होतें, आणि त्यानंतर आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा चालविली होती. तेथील बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारीहि त्यांच्यासमवेत अंबाजोगाईस आले.

या काळाचें मर्म एका गोष्टींत आहे. जेथें चार माणसांनीं एकत्र जमणें हाच संशयाचा विषय, तेथें मुलांनीं व्यासपीठावर उभें राहून मराठींत पांच मिनिटें बोलणें ही लहान गोष्ट नव्हती. सभेस अध्यक्ष कसा निवडावा, मत कसें मागावें, प्रतिपक्षास उत्तर कसें द्यावें, हें सारें जाहीर जीवनांत शिकण्यास वाव नव्हता. तो वाव शाळेच्या दिवाणखान्यांतच मिळूं शके. १९३८ सालीं स्वामीजींनीं शाळा सोडली आणि ते संस्थानांतील सत्याग्रहांत उतरले. त्याच वर्षाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांस प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनीं संप केला. शेंकडों मुलांस विद्यापीठ सोडावें लागलें. त्यांपैकीं पुष्कळांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. गाणें ही केवळ करमणूक असती, तर राज्यकर्त्यांस त्याची भीति वाटण्याचें कारण नव्हतें. पुढें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. तो दिवस आज मराठवाड्यांतील शाळांतून मुक्तिसंग्राम दिन म्हणून ध्वजवंदनानें पाळला जातो.

पहिली कसोटी अशी पार पडली. दुसरी मात्र अजून चालूं आहे, आणि तिचें स्वरूप अगदीं वेगळें आहे.

बीड हा अवर्षणाचा प्रदेश. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज, वडवणी या भागांतील डोंगराळ गांवांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊसतोडीस निघतात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे, कोणी पुणें-सोलापुराकडे, तर कोणी थेट कर्नाटकांत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, म्हणून घरची मंडळी फाल्गुन-चैत्रापर्यंत परत येत नाहींत. लहान मुलें बरोबर जातात. आणि तेरा-चौदा वर्षांचीं झालीं, म्हणजे मुलगा मोळ्या बांधूं लागतो, मुलगी कोपीवर धाकट्या भावंडांस सांभाळून भाकऱ्या थापूं लागते.

आतां शाळेचें वर्ष आणि कारखान्याचें वर्ष एकापुढें एक ठेवून पाहावें. जूनांत शाळा उघडते. स्वातंत्र्यदिन, शिक्षकदिन आणि मुक्तिसंग्राम दिन एवढे पार पडतात, तोंच गाड्या निघण्याची वेळ होते. यानंतर विज्ञान-प्रदर्शन, स्नेहसंमेलन, सावित्रीबाई फुले यांची ३ जानेवारीची जयंति, प्रजासत्ताकदिनाची प्रभातफेरी आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरवदिन. म्हणजे वर्षांतील बहुतेक सारा उत्सव उसाच्या हंगामांत पडतो. ज्या मुलास चारचौघांत बोलण्याचा धीर यावयाचा, ज्याचें नांव एकदां तरी ध्वनिक्षेपकावरून पुकारलें जावयाचें, तेंच मूल त्या दिवशीं शाळेंत नसतें. बुडालेलें गणित उन्हाळ्यांत भरून काढतां येतें. परंतु वर्गाच्या नाटकांत आपली जागा नव्हती, ही जाणीव भरून येत नाहीं. आणि शाळा आपली नाहीं असें एकदां मनांत ठसलें, म्हणजे गळतीस वेगळें कारण लागत नाहीं. मुलीच्या बाबतींत तर शाळा सुटली, म्हणजे लवकरच लग्नाची बोलणीं सुरू होतात.

शासनानें या मुलांसाठीं मागें राहण्याची सोय केली आहे. गांवोगांवीं हंगामी वसतिगृहें चालतात. आणि २०२१ सालीं संत भगवानबाबांच्या नांवानें मंजूर झालेल्या योजनेंत ४१ तालुक्यांतून मुलांमुलींसाठीं ८२ वसतिगृहें योजिलीं आहेत. छप्पर आणि जेवण यांची तजवीज ही पहिली पायरी होय. परंतु आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहांत मागें राहिलेल्या मुलास शाळेची ओढ लागावयाची, ती केवळ जेवणानें लागत नाहीं. हातीं कांहीं काम असावें लागतें. आपल्यावांचून कोणाचें तरी अडेल, असें वाटावें लागतें. तालमीस रोज हजर राहावयाचें असलेलें मूल दुसऱ्या कारणासाठीं नसलें, तरी त्या कारणासाठीं शाळेंत येतें.

म्हणून बीडसारख्या जिल्ह्यांत संमेलनाचा विचार नव्यानें व्हावयास हवा, आणि त्यास मोठा खर्चहि नाहीं. मुख्य कार्यक्रम पौषांतच व्हावा असा कोठें नियम नाहीं. मुक्तिसंग्राम दिनास ध्वजवंदन होतेंच. त्यालाच जोडून संमेलन घेतलें, तर गाड्या निघण्यापूर्वीं प्रत्येक मूल एकदां तरी रंगमंचावर उभें राहील. त्या दिवसाच्या इतिहासासहि तें शोभून दिसेल. हस्तलिखितांत चार पानें परगांवीं गेलेल्या सोबत्यांसाठीं राखून ठेवावीं; कोपीवरून आलेलें पत्र त्यांत उतरून घ्यावें. अशा पत्रांत कारखान्याचा भोंगा, वाढ्यांचे भारे, गाडीखालची झोप असें पुष्कळ येईल, जें पाठ्यपुस्तकांत कोठेंहि नाहीं. शेतावर काम करतांना म्हटली जाणारी भलरी, जात्यावरची ओवी, गोंधळ आणि भारूड हीं तर या मुलांच्या घरचीं लेणीं आहेत. चित्रपटांतील गाण्यावर नाचण्याऐवजीं तीं व्यासपीठावर आलीं, तर वर्गांत मागच्या बांकावर बसणारी मुलगी त्या दिवशीं इतरांस शिकवील.

शहरांतील पालक आपल्या मुलाचा अभ्यास बुडतो म्हणून संमेलनावर रागावतो. बीडच्या डोंगरपट्ट्यांतील आई कदाचित् त्याच दिवशीं शेंकडों मैलांवर, त्या पालकाच्या चहांत पडणाऱ्या साखरेसाठीं ऊस तोडीत असते. तिच्या मुलीचें संमेलन बुडालेलें असतें. दोन्ही तक्रारी शेजारीं ठेवल्या, म्हणजे करमणूक कीं शिक्षण या प्रश्नाचें उत्तर वेगळें द्यावें लागत नाहीं. ज्याला ती गोष्ट रोज मिळते त्याला ती करमणूक वाटते, आणि ज्याला ती मिळत नाहीं त्याचें शिक्षणच अपुरें राहतें.