कॅरेटमधली घोरपड

मी तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. दर मंगळवारी आपण कर्जाचे हप्ते, शेळ्यांची लस, कोंबड्यांचे खाद्य असं काहीबाही बोलतो. आज घोरपडीवर बोलणार आहे. हसू नका. आपल्यातल्याच एका घरात हा प्रश्न तीन महिने चुलीमागं बसून होता, आणि त्यात थोडी चूक माझीही आहे.

नवरात्राच्या आधीच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एक ताई मागं रेंगाळली. नाव सांगत नाही. म्हणाली, "मॅडम, कोंबडीच्या पिल्लाला मुडदूस होतो का?" मी म्हटलं, होतो, कॅल्शियम कमी पडलं की होतो. मग म्हणाली, "आणि घोरपडीला?" तेव्हा मला आठवलं. गणपतीत मी तिच्या घरी आरतीला गेले होते, तेव्हा तिच्या सातवीतल्या पोरानं भाजीच्या कॅरेटमधलं घोरपडीचं पिल्लू मला दाखवलं होतं. वीतभर अंग, तेवढीच शेपटी, अंगावर पिवळे ठिपके. मी कौतुकानं मोबाइलवर फोटो काढला आणि प्रसाद खाऊन घरी आले. त्याच दिवशी बोलायला हवं होतं, बोलले नाही.

पोराला ते आषाढात विहिरीजवळच्या दगडांच्या ढिगात सापडलं होतं. तानाजी मालुसऱ्यांच्या घोरपडीची गोष्ट शाळेत ऐकलेली. १६७० साली सिंहगडाचा कडा चढताना यशवंती घोरपडीला दोर बांधला, ही आख्यायिका आपल्या पोरांना लहानपणापासून पाठ असते. तेव्हा ह्यानंही यशवंती पाळायची ठरवली. वर फळी, फळीवर दगड, आत एक वाटी पाणी. पावसात गारठा लागू नये म्हणून बापानं आत बल्ब सोडून दिला. खायला दूध, चपातीचा चुरा, आणि रविवारी चिकन आणलं की त्यातले बिनहाडाचे मऊ तुकडे. मायेनं केलं सगळं. कुणी तिला मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही.

बैठकीनंतर मी बघायला गेले तेव्हा ती पोटावर फरपटत होती. मागचे पाय कोळ्यासारखे बाजूला पडलेले. बोटं थरथरत होती. पोरगा म्हणाला, जबडा रबरासारखा लागतो. पाठीवर रुपयाएवढा काळा डाग होता, तो बल्बच्या चटक्याचा. आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवायला नेलं. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, "उन्हात किती वेळ असते ही?" पोरगा गप्पच.

आता नीट समजून घेऊ, कारण ह्यातलं बरंचसं तुम्हाला तुमच्या जनावरांवरून कळण्यासारखं आहे.

घोरपडीचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. सकाळी ती बांधावर, दगडावर अंग टाकून ऊन घेते, ती आळशी म्हणून नव्हे. अंग ३५ अंशांच्या आसपास तापलं की मगच तिचं पोट काम करतं, पाय धावतात, आजाराशी लढायची ताकद येते. ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पोटातच कुजतं आणि ती ओकून टाकते. आणि फार तापलं की ती सावलीत, बिळात जाते. म्हणजे तिला ऊन आणि सावली दोन्ही लागतं, आणि कधी कुठं जायचं ते ठरवायची मोकळीक लागते. कॅरेटमध्ये ती मोकळीक नाही. कॅरेट तसंच उन्हात ठेवलं तर ती भाजून मरेल, घरात ठेवलं तर गारठेल. अंगाजवळ बल्ब टांगला तर ती त्याला चिकटून बसते, आणि कातडी भाजली तरी वेळेवर बाजूला होत नाही. पाठीवरचा डाग तसाच पडला.

उन्हाचं दुसरं काम हाडांचं. ऊन अंगावर पडलं की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन ह्या कामाचं नाही, काच ते नेमके किरण अडवते. साधा बल्ब तर उजेड आणि उष्णता एवढंच देतो.

त्यात खाणं चुकलं. रानात घोरपड किडे, भुंगेरे, हुमणी, गोगलगाई, खेकडे, बेडूक, उंदीर, अंडी, मेलेलं जनावर असं सगळं खाते. उंदीर खाल्ला की हाडांसकट, खेकडा खाल्ला की कवचासकट. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मग शरीर काय करतं? रक्ताला लागणारं कॅल्शियम स्वतःच्याच हाडांतून काढून घेतं. हाडं मऊ होतात, जबडा वाकतो, पाय अंग उचलत नाहीत. व्यालेली गाय दुधात सगळं कॅल्शियम देऊन बसते आणि थरथरत खाली बसते, ते दुखणं तुम्ही गोठ्यात पाहिलंय. घोरपडीचं तसंच आहे, फक्त ते एका रात्रीत न येता हळूहळू महिनोन् महिने चढतं, म्हणून घरातल्यांच्या लक्षात येत नाही. वाढीच्या वयातल्या पिल्लाला ते लवकर गाठतं.

आणि दूध. नागाला दूध, घोरपडीला दूध, ही आपली जुनी सवय. अहो, ह्या प्राण्यांच्या आया पिल्लांना दूध पाजतच नाहीत, तर ते पचवायची सोय त्यांच्या पोटात कुठून असणार? तहान लागली म्हणून तोंड लावतात इतकंच. त्यांना लागतं स्वच्छ पाणी, आणि अंग बुडेल एवढं. पाणी कमी पडलं आणि मांस जास्त झालं की मूत्रपिंडावर ताण येतो, युरिक ॲसिड सांध्यांत साठतं, माणसाला गाऊट होतो तसे सांधे सुजतात. हवा कोरडी असेल तर कात नीट निघत नाही. बोटांवर, शेपटीच्या टोकावर जुन्या कातीची कडी राहते, ती दोऱ्यासारखी आवळते आणि बोट काळं पडून गळतं. उलट कॅरेट कायम ओलं, घाणेरडं राहिलं तर पोटाखालच्या कातडीला फोड येतात, नाकातून फेस येतो, घरघर लागते. फळीवर नाक घासून घासून थोबाड सोलतं, मग तोंडात पू होतो. डॉक्टरांनी जबडा उघडून दाखवला तेव्हा हिच्या हिरडीवर सुरुवात झालेलीच होती.

पोरगा दवाखान्यातच म्हणाला, "पण मोबाइलमध्ये तर परदेशातली माणसं पाळतात." खरं आहे, पाळतात. अमेरिकेत, युरोपात बहुतेक दिसते ती सॅव्हाना घोरपड, पश्चिम आफ्रिकेतली. घाना, टोगो, बेनिन ह्या देशांतून तिची पिल्लं परदेशी जातात. तिथं ज्यांना जमतं ते अख्खी खोली देतात, आत हात-दोन हात खोल माती, ऊन देणारे खास दिवे, तापमान मोजायची यंत्रं, सरपटणाऱ्या प्राण्यांचा वेगळा डॉक्टर. एवढं करूनही चुकतं. ती रानात मुख्यतः किडे आणि गोगलगाई खाते, पण पाळणारे सोपं म्हणून उंदीर भरवतात. मग ती लठ्ठ होते, यकृतावर चरबी चढते आणि ऐन वयात मरते. व्हिडिओत गुबगुबीत घोरपड मांडीवर शांत बसलेली दिसते ना, ती माणसाळलेली असेलच असं नाही. पुष्कळदा ती आजारी असते किंवा गारठलेली असते. आपल्या कॅरेटमधलीही शेवटी शेवटी फार 'गरीब' झाली होती, असं ताई सांगत होती.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. मादी घोरपड नर नसला तरी अंडी धरू शकते. रानात ती अंडी घालण्याआधी जागा शोधते, माती उकरून बघते, पसंत नाही पडली तर दुसरीकडे जाते. कधी वारुळात घालते, आणि वरून माती लोटून जागा बुजवते. पिंजऱ्यात माती नसेल तर ती अंडी घालतच नाही, पोटातच धरून ठेवते. दिवसेंदिवस खात नाही, कोपरे उकरते, नखं तुटतात, आणि अडून मरते. आपल्याला कुणी अडलेली म्हटलं की काय होतं ते आपल्यालाच ठाऊक.

आता माणसांच्या तब्येतीचं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू असतात, टायफॉइडच्या जंतूंचे भाऊबंद. प्राणी धडधाकट दिसतो तरी विष्ठेतून ते बाहेर पडतात. त्या घरात कॅरेट चुलीमागं होतं, घोरपडीची वाटी मोरीत ताटांबरोबरच घासली जायची, आणि घरात रांगतं मूल. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं ह्यांना ह्या जंतूंचे जुलाब आणि ताप जड जातात. हात लागलाच तर साबणानं धुवा. चावली तर पळापळ नको. काही ठिकाणी ठिपक्यांच्या पिल्लाला चंदन घोरपड म्हणतात आणि ती चावली की माणूस मरतो असं सांगतात. ती वेगळी जात नाही, साध्या घोरपडीचंच पिल्लू आहे. नाग-घोणसासारखं जीवघेणं विष घोरपडीला नाही. पण दात मागं वळलेले असतात, जखम खोल होते आणि पिकते. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुऊन आरोग्य केंद्रात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

आणि कायदा. ताईला खरी भीती त्याचीच होती, म्हणून तर तीन महिने तिनं बैठकीत विषय काढला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच अनुसूचीत. तिला पकडणं, ठेवणं, विकणं, मारून खाणं हे सगळं गुन्ह्यात येतं. शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, आणि दंड किमान पंचवीस हजार. रानातलं जनावर कसंही हाती आलं तर ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवायचं असतं. हे मलाही तेव्हाच कळलं. बी.ए. झालेय मी, पण हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

ह्याच पहिल्या अनुसूचीमुळं आणखी एक सांगते. जत्रेत, दिवाळीच्या बाजारात 'हत्ताजोडी' म्हणून जोडलेल्या हातांसारखं काळं मूळ विकतात, तिजोरीत ठेवलं की बरकत येते म्हणून. ते मूळ नाही बायांनो. ते नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. रेडिओवर सांगायला लाज वाटते, पण शेंदूर लावून देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तुमच्या घरात असलं काही सापडलं तर तोही गुन्हाच.

मग कोंबड्यांचं काय, हा प्रश्न येणारच. घोरपड अंडी खाते, पिल्लंही उचलते, मी नाकारत नाही. एका पिल्लाची किंमत मला कळते, गटाच्या वहीत ती मीच लिहिते. पण घोरपड दिवसाउजेडी फिरते. रात्रीत पिल्लं गेली असतील तर चोर दुसरा शोधा, रानमांजर असेल. दिवसा जात असतील तर अंडी दुपारच्या आत उचला, खुराडं जमिनीपासून वर घ्या, अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा, आणि खुराड्याच्या जवळचे दगडांचे ढीग, सरपणाची रास हलवा. शेताच्या बांधावर असेल तर राहू द्या. उंदीर, हुमणी, खेकडे ती फुकटात खाते.

त्या दिवशी आम्ही १९२६ ला फोन लावला. हा महाराष्ट्र वनखात्याचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. लावायच्या आधी ताईनं माझा हात धरून विचारलं, "माझ्या पोराला आत टाकतील का?" मी खोटं आश्वासन दिलं नाही. म्हटलं, आपण जे झालं ते खरं सांगू, मी बरोबर थांबते. संध्याकाळी वनरक्षक आले. हवेची भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापड घालून तिला नेलं, आणि जाताना बापाचा जबाब घेतला. त्याच्यावर पुढं काय होणार ते अजून कळलेलं नाही. ताई दोन बैठकांना आली नाही. मी घरी जाऊन हप्ता घेतला आणि हिशोबाचं सोडून दुसरं काही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात वनरक्षकांचा फोन आला. घोरपड खायला लागलीय, पाठीची जखम भरली. मागचा डावा पाय मात्र वाकडाच जोडला गेलाय. झाडावर चढता आलं तर सोडतील, नाही आलं तर नाही. पोरगा रोज विचारतो, चढली का म्हणून.

१९२६ हा नंबर तुमच्या गटाच्या वहीच्या आतल्या पानावर लिहून घ्या, डॉक्टरांच्या नंबराखाली. पुढच्या मंगळवारी शेळ्यांच्या पीपीआर लसीचं बोलू. लस कधी टोचून घेतली ती तारीख शोधून ठेवा.