खिशातली बॅटरी : पहाटेच्या उज्जैनसाठी

महाकालेश्वराची भस्मारती पहाटे चारच्या सुमारास सुरू होते. भाविक त्याच्या बरेच आधी, मिट्ट अंधारात, मुक्कामावरून निघतात. मंदिरात डिसेंबर २०२२पासून मोबाइलला बंदी आहे. फोन खोलीवर ठेवला की त्याचा उजेडही खोलीवरच राहतो. म्हणून रस्त्यासाठी छोटी एलईडी बॅटरी जवळ हवी, आणि पाचशे रुपयांच्या आत ती चांगली मिळते.

खोक्यावरच्या हजारो ल्युमेनना भुलू नका. स्वस्त मालावरचे हे आकडे बहुधा फुगवलेले असतात. गल्लीतून चालायला ५० ते १०० ल्युमेन पुरतात. मंद उजेडाची सोय मात्र हवीच; धर्मशाळेत झोपलेल्यांच्या डोळ्यांवर झोत जात नाही आणि सेलही टिकतो.

आमची पसंती एका पेन्सिल सेलवर चालणाऱ्या बॅटरीला. तो सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. चार्जिंगची घ्यायची तर टाइप-सी बघा. रामघाटाच्या ओल्या पायऱ्यांसाठी पाण्यापासून संरक्षणाची खूणही बघा: ‘आयपीएक्स४’ म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव; ‘आयपीएक्स७’ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास निभावते. घरी परतल्यावर अल्कलाइन सेल काढून ठेवा, तो गळला की आतल्या पट्ट्या गंजतात.