राजधानीच्या जुन्या वसाहतींत माकडांचा मुक्काम

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची जुनी निवासी वसाहत. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीच्या एका अंगाला सरोजिनी नगर, तर दुसऱ्या अंगाला आय.एन.ए. बाजार आणि दिल्ली हाट आहे. नोकरीनिमित्त राजधानीत आलेल्या मराठी कुटुंबांना अशा वसाहती नव्या नाहीत. कडुनिंबाची व जांभळाची जुनी झाडे, मोकळ्या गच्च्या, मागच्या अंगणात उघडणारे स्वयंपाकघर ही त्यांची सुखे. मात्र याच सुखांमुळे आणखी एक रहिवासी या वसाहतींकडे ओढला गेला आहे. लाल तोंडाचे माकड, म्हणजेच ऱ्हीसस माकड, हे त्याचे नाव.

जुन्या घरांत वन्य प्राणी शिरण्याचा प्रश्न केवळ दिल्लीचा नाही. उत्तर अमेरिकेच्या उपनगरांत रॅकून हा निशाचर प्राणी माळ्यांवर आणि धुराड्यांत पिले घालतो. जर्मनीत १९३४ मध्ये एडर जलाशयाच्या परिसरात सोडलेल्या मोजक्या रॅकूनांची प्रजा आज कासेल शहराच्या छपरांत नांदत आहे. जपानमध्ये १९७७ च्या एका लोकप्रिय चित्रमालिकेनंतर हौसेने आणलेले रॅकून पुढे मोकाट झाले. भारतात रॅकून नाही. तथापि, चपळ हात, सर्वभक्षी पोट आणि माणसाची भीती लवकर विसरणारी बुद्धी हे तिन्ही गुण दिल्लीच्या माकडात आहेत. रॅकून रात्री येतो, माकड भरदिवसा येते, हा फरक महत्त्वाचा.

शहरात माकडे आली कोठून?

दिल्लीच्या मध्यातून अरवलीच्या डोंगररांगेचे अखेरचे टोक जाते. 'रिज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या काटेरी जंगलात माकडे पूर्वापार आहेत. नवी दिल्लीची आखणी झाली तेव्हा रस्त्यांच्या दुतर्फा हजारो झाडे लावण्यात आली आणि रिजपासून सरकारी बंगल्यांपर्यंत माकडांना जमिनीवर न उतरता येण्याजोगा मार्ग तयार झाला. उत्तर भारतात ऱ्हीसस माकड गावांच्या, देवळांच्या व रेल्वे स्थानकांच्या आसऱ्याने शतकानुशतके राहत आले आहे. त्यामुळे 'जंगल तुटले म्हणून माकड शहरात आले' हे नेहमीचे स्पष्टीकरण अर्धेच खरे मानावे लागते. या माकडाला घनदाट जंगलापेक्षा माणसाची शेजारवस्तीच अधिक मानवते.

संख्येच्या वाढीमागे एक जुना निर्णयही असल्याचे सांगितले जाते. पोलिओच्या लशीपासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत अनेक कामांसाठी भारतातून ऱ्हीसस माकडांची मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे. मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, १९७८ मध्ये, ती बंद झाली. परंतु दिल्लीतील रहिवाशांना दिसणारे कारण अधिक साधे आहे. मंगळवारी आणि शनिवारी हनुमानाची सेवा म्हणून केळी, चणे व पोळ्या रस्त्याच्या कडेला ठेवणाऱ्यांची संख्या येथे मोठी आहे. ज्या माकडाला दोन दिवस हातातून केळे मिळते, ते उरलेले पाच दिवस ते हिसकावून घेते.

महाराष्ट्रातील वाचकांनी एक भेद लक्षात ठेवावा. कोकणात वा सह्याद्रीत आढळणारे माकड बहुधा टोपीसारखे केस असलेले, लांब शेपटीचे असते. काळ्या तोंडाचा वानर तर सर्वस्वी निराळा. दिल्लीतील ऱ्हीसस हे आखूड शेपटीचे, अंगाने भक्कम आणि स्वभावाने अधिक धीट असते. पूर्ण वाढलेला नर सात-आठ किलो वजनाचा असतो. माद्या जन्मभर आपल्या टोळीत राहतात, नर मोठे झाल्यावर टोळी सोडतात. घरात एकटे शिरणारे माकड अनेकदा असा भटका नर असतो. टोळी आल्यास मात्र गच्चीवरील टाकी, वाळवण आणि तारांवरचे कपडे यांचा एकदमच निकाल लागतो.

एका मृत्यूनंतरची धावपळ

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही, हे २००७ साली राजधानीला कळून चुकले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीचे उपमहापौर सुरिंदरसिंग बाजवा हे आपल्या घरी माकडांच्या टोळीला हाकलताना वरून खाली कोसळले आणि डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने एका रहिवासी संघटनेच्या याचिकेवर निर्णय देताना शहरातील माकडे पकडून दक्षिण सीमेवरील असोला-भट्टी अभयारण्यात हलविण्याचे आदेश दिले होते. तेथे त्यांच्या खाण्यापिण्याची सोय सरकारने करावी, असेही ठरले.

त्यानंतरच्या वर्षांत हजारो माकडे पिंजऱ्यांतून असोल्याला रवाना झाली. असोला-भट्टी हा जुन्या खाणींचा, खुरट्या झाडोऱ्याचा प्रदेश. एवढ्या माकडांना पुरेल इतके नैसर्गिक खाद्य तेथे नव्हते, म्हणून फळे-भाज्यांचे ट्रक जात राहिले. कुंपणाच्या भिंती ओलांडून माकडे शेजारच्या गावांत शिरू लागली आणि तक्रारीचा पत्ता तेवढा बदलला. इकडे शहरात पकडलेल्या टोळीची जागा फार काळ मोकळी राहिली नाही. अन्न आणि पाणी जेथल्या तेथे असेल, तर रिकाम्या झालेल्या मुलखात शेजारची टोळी सरकते.

लंगूर, लंगूराचा आवाज आणि लंगूराचे चित्र

दिल्लीने केलेल्या उपायांत सर्वाधिक गाजला तो लंगूराचा. काळ्या तोंडाच्या, उंच लंगूराला लाल तोंडाची माकडे बिचकतात, या समजुतीवर नवी दिल्ली नगरपालिका परिषद व अनेक सरकारी कार्यालयांनी लंगूर पाळणाऱ्यांना कामावर घेतले. सकाळी सायकलच्या मागे लंगूर बसवून कचेरीकडे निघालेला त्याचा मालक हे तेव्हा राजधानीतील नित्याचे दृश्य होते. लंगूर असेपर्यंत माकडे पलीकडच्या रस्त्यावर जात व तो घरी गेला की परतत. एका गल्लीचा उपद्रव दुसऱ्या गल्लीस देणारा हा उपाय होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही.

लंगूराला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. त्याला दोरीने बांधून कामास जुंपणे कायद्यात बसत नसल्याने २०१२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ही प्रथा थांबविण्यास सांगितले. मग लंगूराची जागा माणसांनी घेतली. जुलै २०१४ मध्ये तत्कालीन नगरविकास मंत्री व्यंकय्या नायडू यांनी राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरात ४० प्रशिक्षित तरुण या कामी नेमल्याची माहिती दिली. लंगूरासारखा आवाज काढून माकडांना पळविणे हे त्यांचे काम. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० शिखर परिषदेच्या वेळी रस्त्यांच्या कडेला लंगूराची मोठी रंगीत चित्रे उभारण्यात आली व जोडीला आवाज काढणारेही होते. एकाच जागी दिवसेंदिवस उभे असलेले चित्र माकड किती काळ खरे मानील, हे ज्याने माकड जवळून पाहिले आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

हिमाचल प्रदेशाने वेगळा मार्ग धरला. तेथे पकडलेल्या माकडांची नसबंदी करून त्यांना पुन्हा मूळ जागीच सोडण्याचा कार्यक्रम २००७ च्या सुमारास सुरू झाला आणि दीड लाखांहून अधिक माकडांवर ही शस्त्रक्रिया झाली. मूळ जागी सोडल्याने नवी टोळी येत नाही, ही यातील मेख आहे. फळ मात्र सावकाश मिळते, कारण माकड अनेक वर्षे जगते आणि नसबंदीने त्याची भूक कमी होत नाही. दिल्लीतही असा प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत राहिला.

कायदा काय सांगतो?

२०२२ च्या दुरुस्तीने ऱ्हीसस माकड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतून वगळण्यात आले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पूर्वी माकड पकडण्यासाठी वन विभागाची परवानगी अनिवार्य होती. आता जबाबदारी प्रामुख्याने स्थानिक संस्थांकडे आली आहे. याचा अर्थ माकडाला मारण्याची मुभा मिळाली असा नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा कायम असून विष घालणे, फासे लावणे वा जखमी करणे हा गुन्हाच आहे. लक्ष्मीबाई नगर नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीत येते. त्यामुळे तक्रार तेथेच नोंदवावी लागते.

घर कसे राखावे?

टोळी शहरातून हटेल तेव्हा हटेल. आपले घर तिला बिनफायद्याचे करणे मात्र रहिवाशाच्या हाती आहे. माकड घरात शिरते ते प्रामुख्याने अन्न दिसते म्हणून. खिडकीलगतच्या टेबलावरील फळांची टोपली, दारात टांगलेली भाजीची पिशवी, झाकण नसलेली कचऱ्याची बादली ही उघड निमंत्रणे होत. ओला कचरा रात्री बाहेर ठेवण्याऐवजी सकाळी गाडी आल्यावरच द्यावा.

जुन्या सरकारी निवासस्थानांचे दुबळे अंग म्हणजे स्वयंपाकघराची व न्हाणीघराची झरोक्यासारखी खिडकी, गच्चीकडे जाणारा जिना आणि मागील व्हरांडा. डासांची साधी जाळी माकड एका झटक्यात फाडते. तेथे चौकटीस घट्ट बसविलेली जाड तारेची जाळी हवी. तिची भोके इतकी बारीक असावीत की पिलाचा हात आत जाऊ नये. खिडकीच्या गजांतून मोठे माकड येत नाही, परंतु पिलू सहज येते आणि ते आत अडकले की आई व तिची टोळी बाहेर ठाण मांडते. साधी कडी माकडाला उघडता येते. फिरवून बसणारा खटका किंवा कडीत अडकविलेला आकडा अधिक खात्रीचा. निवासस्थान सरकारी असल्याने बांधकामात स्वतः फेरफार करता येत नाही. त्यासाठी केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या स्थानिक चौकशी कार्यालयात लेखी अर्ज करावा आणि त्याचा क्रमांक जपून ठेवावा.

गच्चीवरील टाकीचे झाकण तारेने बांधलेले असावे. उन्हाळ्यात माकडे टाकीत पोहतात, आणि तेच पाणी नळाला येते. छपरावर टेकलेल्या फांद्या तोडाव्याशा वाटतात, पण दिल्लीत झाडाची छाटणी परवानगीशिवाय करता येत नाही. तीही नगरपालिकेमार्फतच करून घ्यावी.

समोर आलेच तर त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहू नये. माकडांच्या भाषेत ते आव्हान असते. दात दाखवून हसणेही टाळावे. हातात खाण्याची वस्तू असेल तर ती टाकून द्यावी, ओढाताण करू नये. पळण्याऐवजी तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरावे. घरात शिरलेल्या माकडाला कोंडू नये. ज्या वाटेने आले ती वाट उघडी ठेवून माणसांनी दुसऱ्या खोलीत जावे आणि काठी जमिनीवर आपटून आवाज करावा. गच्चीच्या कठड्याजवळ त्याचा पाठलाग मुळीच करू नये. बाजवा यांचा मृत्यू माकडाच्या चाव्याने नव्हे, तर उंचावरून पडल्याने झाला होता.

चावा वा ओरखडा लहान दिसला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. माकडाकडून रेबीज होऊ शकतो आणि एकदा लक्षणे दिसल्यावर त्यावर इलाज नाही. हळद, चुना, तिखट जखमेत भरण्याची जुनी सवय घातक आहे. लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या तारखांना पूर्ण कराव्यात. जखम खोल असेल तर लशीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते.

रात्रीचा आवाज माकडाचा नव्हे

माकड सूर्यास्तानंतर झाडावर झोपते. तेव्हा रात्री माळ्यावर किंवा खोट्या छतामागे पावले वाजत असतील तर पाहुणा दुसरा आहे. दिल्लीच्या जुन्या, झाडीच्या वसाहतींत उदमांजर राहते. कोकणातील कौलारू घरांत राहिलेल्यांना ही खुडबुड परिचयाची असेल. लांब शेपटीचा, काळसर करड्या रंगाचा हा प्राणी फळे, कीटक आणि उंदीर खातो. रॅकूनचा खरा भारतीय प्रतिरूप म्हणावा तर हाच. फळांच्या बियांनी भरलेली त्याची विष्ठा एकाच ठिकाणी सापडते, हीच त्याची ओळख. माणसावर तो आपण होऊन हल्ला करीत नाही. त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्याने पकडणे वा मारणे गुन्हा ठरते.

छताचे भोक बुजविण्याची घाई येथे महागात पडते. दिवसा भोक बंद केले तर झोपलेला प्राणी आतच अडकतो, आणि मादीची पिले असतील तर ती उपाशी मरून दुर्गंधी सुटते. भोकाच्या तोंडाशी सायंकाळी थोडे पीठ पसरावे. पावलांचे ठसे बाहेर गेलेले दिसले आणि आत पिलांची चिवचिव नसेल, तरच जाळी ठोकावी. पिले असल्यास ती मोठी होऊन आईसोबत बाहेर पडेपर्यंत काही आठवडे थांबावे, किंवा वन विभागास अथवा वन्यजीव बचाव संस्थेस बोलवावे.